पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी

तिसरा गोल त्यानं डोक्यानं मारला. निळ्या झेंड्यांच्या बाजूनं असा गलका उठला, की माझ्या मांडीवरचा शेंगदाण्यांचा पुडा कधी सांडला ते मला कळलंच नाही. मैदानाच्या त्या टोकाला आग्नेल दोन्ही हात पसरून पळत होता आणि निळे शर्ट घातलेली सगळी पोरं त्याला मिठी मारायला त्याच्या मागं.

‘वहिनी,’ मागच्या पायरीवरनं आमच्या पेठेतला सदा गुरव म्हणाला, ‘गेल्या वर्षी तुमच्याकडंच जेवत हुता न्हवं ह्यो? मग त्याचे गोल काय तवा तुमच्या चुलीत घातलेसा?’

आजूबाजूचे चारजण हसले. आमचे हे हसले नाहीत. तासाभरापूर्वीच त्याच मैदानावर आमची बिरोबा तालीम दोन-शून्यनं हरली होती. हरल्यावर हे दोन दिवस बोलत नाहीत, आणि त्या वर्षी आम्ही दर आठवड्याला हरत होतो. म्हणजे घरात कसली शांतता असेल ते तुम्हीच समजून घ्या.

‘चला घरी,’ मी म्हणाले.

‘बस. बघू दे की,’ हे म्हणाले. ‘आपलं काय गेलं ते तरी बघू दे.’

कोल्हापुरात माणसाला आधी तालीम विचारतात, मग गल्ली. कुस्तीसाठी बांधलेल्या तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ काढले, आणि आता लाल मातीपेक्षा या चेंडूसाठीच डोकी जास्त फुटतात. माझं माहेर फुटबॉलचं नव्हे. पण लग्न होऊन बिरोबा तालमीच्या गल्लीत आले आणि दोन वर्षांत अशी बाटले, की ऑफसाइड कधी होतो ते यांच्यापेक्षा मला आधी कळायचं. माझी दोन्ही पोरं क्रिकेटची निघाली. त्याचं दुःख मी कुणाला सांगितलं नाही, पण होतं.

संघ मोठे झाले तसे बाहेरचे खेळाडू मानधनावर यायला लागले. राहायची सोय तालमीच्या माडीवर, आणि जेवणाला प्रत्येकाला एक घर. आग्नेल मडगावकडचा. वय एकवीस, हरणासारखे पाय, आणि तोंडात शब्द मोजके. पेठेनं पहिल्याच दिवशी त्याचा ‘आग्या’ केला. मास्तर चौगुले तेव्हा आमचे प्रशिक्षक होते. ते म्हणाले, ‘वहिनी, ह्या पोराला तुम्ही घ्या. आल्यापास्नं चहा-बिस्किटावर हाय.’ मी घेतलं.

घेतलं म्हणजे कसं, तर आमच्या घरात पैलवानांचा खुराक पिढीजात. सासूबाई म्हणायच्या, ‘पोटात असंल तर पायात ईल.’ रिकाम्या पोटी माणसाला लढायला पाठवायची आमच्यात रीत नाही. सामना चारला असला की मी बाराला ताट मांडायची. मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भात, वरनं तूप. आग्नेल खाली मान घालून सगळं संपवायचा. मध्येच एकदा म्हणायचा, ‘पुरो, मावशी.’ मला वाटायचं, लाजतोय. मी आणखी वाढायची.

अकरा सामन्यांत त्यानं एक गोल मारला. तोही चेंडू त्याच्या पाठीला लागून गेला होता.

पेठेनं काय काय केलं नाही! बुटांना बिरोबाचा भंडारा लावला. ड्रेसचा रंग बदलला. चौगुले मास्तरांना काढून टाकलं. शेवटी चौकात बैठक बसली आणि विषय निघाला, आग्याला ठेवायचं की सोडायचं. बायका कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांत मी. पोरगं वाईट नव्हतं. पण घरी घातलेलं सगळं वाया गेल्याचा राग माझ्या इतका डोक्यात बसला होता, की बाप्यांच्या बैठकीत मीच मोठ्यानं म्हणाले, ‘सोडा त्याला. पायात कायच न्हाई त्याच्या.’

सोडला. आणि सरनौबत तालमीनं उचलला.

सरनौबत तालीम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, रंजूची पेठ. आणि त्याला जेवायला घर मिळालं ते नेमकं रंजूचं.

त्या दिवशी स्टेडियमच्या पायरीवर बसून मी बोटं मोजत होते. पाच सामने, नऊ गोल. माझ्या हातचं खाऊन एक, तिच्या हातचं खाऊन नऊ. लहानपणापासून रंजूचं असंच. मी घासून घासून भांडं लख्ख करायचं, आणि पाहुण्यांसमोर ते घेऊन जायचं तिनं.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू रंजूनं जानेवारीच्या अखेरीला ठेवलं होतं. एरवी त्या गर्दीत मी जात नसे. त्या वर्षी सगळ्यांच्या आधी गेले. दाराला निळा झेंडा आणि भिंतीवर संघाचा फोटो, त्यात मधोमध आग्नेल. माझ्याकडं वर्षभर होता, तेव्हा त्याचा एक फोटो काढावा असं मला सुचलं नव्हतं.

‘आक्का! आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा?’ रंजूनं हाताला धरून आत नेलं.

बायका यायच्या होत्या. ती तिळगुळाच्या वड्या ताटात लावत होती. मी सहज विचारल्यासारखं केलं.

‘काय गं रंजे, आग्नेलला खायला काय घालतीस तू?’

‘घालते की, जे असंल ते. भाकरी खातोय, आमटी खातोय. आमच्या घरात मटण रविवारचं, ते तर आवडीनं खातोय.’

‘आणि सामन्याच्या दिवशी?’

‘सामन्याच्या दिवशी काय नाय.’

‘काय नाय म्हणजे?’

‘सकाळी चहा-चपाती, अकराला दोन केळी. बास. सामना झाला की मग येतोय आणि परात रिकामी करतोय.’ ती हसली. ‘पहिल्याच दिवशी म्हणाला मला, मावशी, मॅच आसता तेन्ना जड नाका. पोट जड झालं की त्याचे पाय उचलत नाहीत म्हणे, लहानपणापास्नं.’ मग वडी लावता लावता तिनं माझ्याकडं बघितलं. ‘तुला म्हणाला नव्हता?’

‘म्हणाला होता की,’ मी म्हणाले.

‘मग?’

‘मग काय? मी बी केळीच द्यायची.’

रंजूनं मान डोलावली. तिला कळलं असावं. तरी ती वड्या लावत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं. मग माझ्या ओटीत वाण घालताना हलकेच म्हणाली, ‘तुला नाही म्हणायचं धाडस कुणाचं व्हतंय आक्का? तू ताट घेऊन उभी राहिलीस की भावजी बी चार घास जास्त खात्यात.’

मी घरी चालत आले. वाटेत चौगुले मास्तर दिसले. नोकरी गेल्यापासून ते एका खेळाच्या सामानाच्या दुकानात बसायचे. ‘वहिनी, काय म्हणतोय संघ?’ त्यांनी हाक मारली. ‘चाललंय,’ मी म्हणाले आणि पदर सावरत पुढं गेले. या माणसाला पेठेनं काढलं होतं, आणि संघ हरत होता माझ्या पळीनं.

पण खरं सांगू का? त्या अपराधापेक्षा दुसरंच काहीतरी मला आतून कुरतडत होतं. वर्षभर मांडीला मांडी लावून जेवला पोरगा, आणि मला एक वाक्य बोलू शकला नाही. तिला पहिल्याच दिवशी बोलला. नको म्हणायला माणूस आपला वाटावा लागतो. तो तिच्याजवळ नको म्हणाला होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही.

*

मार्चातल्या एका रविवारी शेवटचा सामना होता, बिरोबा तालीम विरुद्ध सरनौबत तालीम. त्यांचं विजेतेपद आधीच ठरलेलं. आमचं मात्र मरण-जगणं होतं. हरलो तर वरच्या गटातून खाली. बरोबरी झाली तरी वाचणार. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून तालीम कधी खाली गेली नव्हती. हे शनिवारी रात्री जेवलेच नाहीत.

सकाळी आठलाच हे तालमीत गेले. मी नऊला मटण आणलं. नारळ फोडला, खसखस भिजवली, काजू वाटले. कशासाठी ते मी स्वतःला विचारलं नाही. हात चालत होते.

तो येणार हे मला माहीत होतं. जुन्या तालमीविरुद्ध खेळायचं असेल तर आधी जुन्या घराच्या पाया पडायचं, ही आमच्या पेठांची रीत. ती मीच त्याला शिकवली होती.

बारा वाजता दारात सावली पडली.

‘मावशी, पाया पडतां.’

‘ये. बस.’

‘बसूंक ना, मावशी. सगळे वाट पळयतात.’ पण वास त्याच्या नाकात शिरला होता. त्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘दोन घास खाऊन जा.’

‘मावशी, आज...’

‘आज काय?’

मी थांबले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरंच थांबले. तो जे रंजूला म्हणाला ते मलाही म्हणू दे. एवढं एक वाक्य तो बोलला असता ना, तर बिरोबाशप्पथ, मी पातेल्यावर झाकण ठेवलं असतं आणि त्याला गूळ-पाणी देऊन वाटेला लावलं असतं. तालीम गेली असती खाली, तर गेली असती.

त्यानं चप्पल काढली.

‘काय ना,’ म्हणाला, आणि पाटावर येऊन बसला.

मी वाढलं. तो खात होता आणि मी समोर बसून त्याला वारा घालत होते. तो वाळला होता, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. पांढऱ्याची पहिली वाटी संपली. मी दुसरी वाढली. ‘पुरो,’ तो म्हणाला. मी म्हणाले, ‘आत्ता लगीच उन्हात जायाचंय व्हय? खा.’ दुसरी संपली.

मग घास तसाच हातात धरून तो म्हणाला, ‘मावशी, आज गोंयचो एक मनीस येतलो. मोठ्या क्लबाचो. म्हाका पळोवंक.’

‘तुला बघायला?’

‘व्हय. आज बरो खेळलों जाल्यार ते व्हरतले म्हाका.’ घेऊन जातील म्हणत होता. आणि तो हसला, लाजल्यासारखा. ‘म्हणून पयलीं तुज्या पाया पडूंक आयलों.’

माझ्या हातात पळी होती. त्या वेळी माझ्या तोंडून काय यायला हवं होतं? आशीर्वाद यायला हवा होता. निदान ‘बास कर, उठ’ एवढं तरी. पण मी काय विचारलं माहीत आहे?

‘रंजूला ठाऊक हाय?’

‘व्हय. तिणें सकाळी देवाकडे नारळ दवरला.’

म्हणजे तिला आधी. म्हणजे याही वेळी तिला आधी.

त्यानं वाटीवर तळहात ठेवला होता, बास म्हणून. मी पळी तशीच धरून उभी राहिले.

‘मग तर पोटभर जेवायला पायजे,’ मी म्हणाले. ‘हात काढ.’

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग हात बाजूला घेतला. मी तिसरी वाटी काठोकाठ भरली. त्यानं ती उचलली आणि एका दमात, औषध प्यावं तशी प्यायला.

*

पहिली पंधरा मिनिटं तो पळाला. मग चालायला लागला. कमरेवर हात ठेवून मैदानाच्या मध्येच उभा राहायला लागला. निळ्या बाजूनं आधी ‘आग्नेल! आग्नेल!’ चाललं होतं. मध्यंतरापर्यंत ते बंद झालं.

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू त्याच्या पायात आयता आला. समोर आमचा गोलकीपर एकटा, तोही घसरून पडलेला. डोळे मिटून मारला असता तरी गोल होता. आग्नेलनं पाय उचलला आणि चेंडू गोलाच्या कितीतरी वरनं गेला. मग तो गोलाच्या मागं गेला, खांबाला धरून वाकला, आणि ओकला.

‘काय ढोसून आलाय बघा!’ निळ्यांचीच पोरं ओरडली. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती त्याच्या पाठीला लागली. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. पाच मिनिटांनी त्याला बाहेर काढलं.

खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांत टोपी घातलेला एक गृहस्थ होता. मी त्याला पहिल्यापासून हेरून ठेवलं होतं. सामना संपायला वीस मिनिटं असताना तो उठला, शेजारच्याशी हात मिळवला आणि निघून गेला.

शून्य-शून्य. आम्ही वाचलो.

हे माझ्यासमोर लहान पोरासारखे रडले. गुलाल एवढा उधळला की माणूस ओळखू येईना. हलगी सुरू झाली. सदा गुरव नाचत नाचत माझ्यासमोर आला, वाकून नमस्कार केला आणि ओरडला, ‘वहिनी, पोरगं शेवटी तुमच्या मिठाला जागलं बघा!’

मी हसले. सगळे हसत होते, म्हणून.

दिवेलागणीला रंजू आली. बाहेर गल्लीत हलगी चालूच होती. ती दारातच उभी राहिली.

‘आक्का, आग्नेल आला होता तुझ्याकडं?’

‘पाया पडायला आला होता.’

‘जेवला?’

मी कोनाड्यातला कुंकवाचा करंडा काढला.

‘मी विचारलं त्याला,’ रंजू म्हणाली. ‘म्हणतोय, स्टेडियमबाहेर वडा खाल्ला, तो बाधला. आमच्या ह्यांनी लई शिव्या दिल्या त्याला. तालमीतली माणसं पण नाय नाय ते बोलली. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यानं.’ ती थांबली. ‘तो वडा खात नाय आक्का. तेलकट त्याच्या तोंडाला लागत नाय.’

मोरीत घासलेलं मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. तिची नजर तिथं गेली आणि परत आली. ती आणखी काही बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती वळली.

‘कुंकू लावून जा,’ मी म्हणाले.

‘राहू दे,’ ती म्हणाली, आणि गेली. त्यानंतर वर्षभर आमचं येणं-जाणं बंद होतं.

*

आमची तालीम पुढच्याच हंगामात खाली गेली. आग्याशिवाय, माझ्या मटणाशिवाय, आपल्या आपण. एवढं एक वर्ष मी विकत घेतलं होतं.

गोव्याच्या त्या क्लबाचा निरोप आला नाही. सरनौबत तालमीनंही मे महिन्यात आग्नेलला मोकळं केलं. पुढं तो कुठल्या मोठ्या संघात दिसला नाही. मी वर्तमानपत्रातलं क्रीडापान अजून बघते.

जायच्या दिवशी तो आला. मी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. खांद्यावर पिशवी, पायांत तेच झिजलेले बूट. त्या रविवारनंतर मी त्याला बघितलं नव्हतं.

‘दोन वाजतां बस आसा,’ तो म्हणाला.

मी उठले. चिकाचे हात पदराला पुसले. इतके दिवस जे मनात घोळवलं होतं त्यातलं काहीच आठवेना.

‘आग्नेल, त्या दिवशी मी...’

‘मावशी, भूक लागल्या.’ त्यानं पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडं न बघता, बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, ‘आज मॅच ना. वाढ.’

मी आत गेले. भाताचं भांडं उचललं आणि भिंतीकडं तोंड करून तशीच उभी राहिले. बाहेरनं हाक आली, ‘मावशी?’

घरात आमटी-भातच होता. वाढला. तो जेवत होता, मी वारा घालत होते. पहिला भात संपला. ‘आनीक,’ तो म्हणाला. दुसरा वाढला. आमटी वाटीभर, मग आणखी वाटीभर. तो मागत होता, मी देत होते.

विचारायला नको होतं. एवढं सगळं झाल्यावर तर मुळीच नको होतं. पण जित्याची खोड.

‘रंजूकडं जेवून आलास?’

त्यानं वर बघितलं. यावेळी तो खळखळून हसला, दात दाखवून. वर्षभरात मी त्याला तसं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.

‘जेवलों,’ म्हणाला, आणि ताट पुढं केलं.